कैलासचंद्र महिंद्रा : वाट नसलेल्या गावांचे वाहन

थोर पुरुषांची चरित्रे लिहिणारे लेखक बहुधा योद्धे, साधुसंत, कवी किंवा शोधक यांचीच निवड करितात. ज्याने स्वतः कोणताही शोध लाविला नाही, परंतु परक्या देशात लागलेला शोध आपल्या भूमीस उपयोगी पडेल हे अचूक ओळखिले, आणि पुढे आयुष्याची वर्षे वेचून तो आपल्या भूमीस मानवेल असा करून घेतला, अशा मनुष्याचे चरित्र क्वचितच लिहिले जाते. वस्तुतः आपले नित्याचे व्यवहार पुष्कळ अंशी अशाच माणसांच्या दूरदृष्टीवर चाललेले असतात. कैलासचंद्र महिंद्रा हे अशा माणसांपैकी एक होत. महिंद्रा हे नाव आमच्या विद्यार्थ्यांनी ट्रॅक्टरावर आणि जीपवर शेकडो वेळा वाचिले असेल. परंतु त्या नावामागे कोण पुरुष होता असे विचारल्यास वर्गातील फार थोडे हात वर होतील. म्हणून त्यांचे चरित्र यंदाच्या अंकातून वाचकांस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या बीड जिल्ह्यातील वाचकांस या चरित्राचे विशेष अगत्य वाटावे असे आहे. उत्तरेस गोदावरीचे काळ्या मातीचे खोरे, मधून गेलेली बालाघाटची डोंगररांग, पाटोदा व आष्टी या बाजूंचा खडकाळ माळ, आणि सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा या नद्यांची वाळूने भरलेली पात्रे, अशी आमच्या जिल्ह्याची ठेवण आहे. उन्हाळ्यात जी वाट दगडासारखी कठीण, तीच आषाढात बैलाच्या गुडघ्याइतक्या चिखलाची. परळीस आगगाडी पुष्कळ पूर्वी आली. परंतु खुद्द बीड शहराने आगगाडीचे तोंड पाहिले ते 2025 साली. अशा मुलखात अडलेली बाळंतीण किंवा सर्पदंश झालेला शेतकरी जिवंत राहणार की नाही, हे जितके डॉक्टराच्या विद्येवर अवलंबून, तितकेच वाटेवर अवलंबून असे. वाट नसेल तेथेही जाणारे वाहन ही येथे चैनीची वस्तू नव्हती. ते वाहन आपल्या देशात तयार व्हावे यासाठी ज्यांनी पहिली पावले टाकिली, त्यांत कैलासचंद्रांचे नाव अग्रभागी आहे.

कैलासचंद्रांचा जन्म 1894 साली पंजाबातील लुधियाना येथे झाला. घरात एकंदर नऊ भावंडे होती. सर्वांत वडील जगदीशचंद्र. त्यांचा जन्म 1892 सालचा. म्हणजे या दोघा भावांत अंतर अवघे दोन वर्षांचे. जगदीशचंद्र लहान वयातच पितृसुखास अंतरले, आणि एवढ्या मोठ्या कुटुंबाचा भार त्यांच्या कोवळ्या खांद्यांवर येऊन पडला. अशा प्रसंगी पुष्कळ घरांत धाकट्या भावंडांच्या हातची पुस्तके सुटतात आणि त्यांस मजुरीस लाविले जाते. जगदीशचंद्रांनी नेमके उलट केले. घर वर यावयाचे असेल तर ते विद्येनेच येईल, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. आणि प्रत्येक भावंडाने शिकलेच पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष असे. ते स्वतः मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. पुढे 1929 पासून 1940 पर्यंत ते टाटांच्या पोलाद कंपनीत होते आणि तेथे विक्री खात्यातील वरिष्ठ पदावर चढले. दुसऱ्या महायुद्धात पोलादाचा तुटवडा पडला, तेव्हा सरकारने त्यांस देशाचे पहिले स्टील कंट्रोलर नेमिले.

वडील बंधूंच्या या कर्तव्यबुद्धीचे फळ कैलासचंद्रांस मिळाले. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात त्यांनी उत्तम नाव मिळविले, आणि जगदीशचंद्रांनी त्यांस पुढील शिक्षणासाठी विलायतेस केंब्रिज येथे पाठविले. तेथेही त्यांनी सन्मानाची पदवी संपादिली, आणि अभ्यासाबरोबर मैदानही गाजविले. आमच्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. एका भावाने दुसऱ्याच्या शिक्षणाचा भार उचलिला, म्हणूनच पुढील सर्व गोष्टी घडू शकल्या. ज्या घरात वडील भाऊ ऊसतोडीला जाऊन धाकट्यास शाळेत ठेवितो, अशी घरे आमच्या जिल्ह्यात आजही थोडी नाहीत. त्या भावांच्या कष्टाचे मोल या चरित्रावरून कळावे.

स्वदेशी परतल्यावर कैलासचंद्रांनी काही काळ नियतकालिकाच्या संपादनाचे काम केले, आणि कलकत्त्याच्या मार्टिन आणि कंपनी या प्रसिद्ध पेढीत ते रुजू झाले. या पेढीचे धुरीण सर राजेंद्रनाथ मुखर्जी हे बंगालचे नामांकित एंजिनिअर व उद्योगपती होते. कलकत्त्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल याच पेढीने बांधिले. परंतु त्याहून आम्हांस महत्त्वाची वाटते ती या पेढीची दुसरी कामगिरी, म्हणजे लहान रुळांच्या हलक्या आगगाड्या. मोठ्या रेल्वेने ज्या गावांची दखल घेतली नव्हती, अशा गावांपर्यंत या गाड्या जात. आडबाजूच्या गावांस दळणवळणाची किती निकड असते, याचा धडा कैलासचंद्रांस अशा पेढीत सहजच मिळाला असला पाहिजे. राजेंद्रनाथांविषयी त्यांच्या मनात एवढा आदर होता की, 1933 साली त्यांनी त्यांच्यावर एक पुस्तकही लिहून प्रसिद्ध केले.

1942 साली त्यांच्या आयुष्याने मोठे वळण घेतले. युद्धाच्या कामी लागणाऱ्या मालाच्या खरेदीसाठी हिंदुस्थान सरकारचे जे पुरवठा मंडळ अमेरिकेत होते, त्याचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या वेळी अमेरिकेतील कारखाने रात्रंदिवस युद्धसामग्री बनवीत होते, आणि त्या सामग्रीत एका लहानशा, चौकोनी, दारे नसलेल्या गाडीचा सर्वत्र बोलबाला झाला होता. हीच जीप होय. तिची जन्मकथा मनोरंजक असल्यामुळे ती थोडक्यात सांगितली पाहिजे.

1940 च्या जुलै महिन्यात अमेरिकन सैन्याने 135 कंपन्यांस विचारणा केली. हलकी, बुटकी, चारही चाकांनी जोर लावणारी गाडी त्यांस पाहिजे होती, आणि पहिला नमुना अवघ्या 49 दिवसांत हवा होता. बँटम नावाच्या एका डबघाईस आलेल्या छोट्या कंपनीने हे आव्हान स्वीकारिले. कार्ल प्रॉब्स्ट या एंजिनिअराने काही दिवसांत आराखडे काढिले आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी, ठरल्या मुदतीत, नमुना सैन्याच्या हवाली झाला. पुढे विलिस व फोर्ड या कंपन्यांनीही आपापले नमुने दिले. विलिसच्या गाडीत बार्नी रूस या एंजिनिअराने सिद्ध केलेले सुमारे 2.2 लिटरचे, 60 अश्वशक्तीचे एंजिन होते. त्याची ताकद इतरांहून सरस. परंतु गाडीचे वजन मर्यादेपेक्षा अधिक भरले. तेव्हा रूस यांनी गाडीचा प्रत्येक भाग सुटा करून तपासला. बोल्टांची जास्तीची लांबी छाटली, जेथे पातळ पत्रा चालेल तेथे पातळ पत्रा घातला, आणि रंगाचा एकच हात पुरे केला. अशा रीतीने तोळ्यामाशांचा हिशेब करून त्यांनी गाडी मर्यादेत बसविली, आणि सैन्याने तिची निवड केली. युद्ध संपेपर्यंत विलिस आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या.

या गाडीत असे विशेष ते काय होते, हे आमच्या मुलांस बैलगाडीच्या उदाहरणाने चांगले समजेल. बैलगाडीत चाके नुसती फिरतात; जोर असतो तो बैलांच्या खुरांत. खूर जमिनीत रुततो, तेथे पकड घेतो आणि गाडी ओढली जाते. मोटारीस बैल नाही. म्हणून चाकांनाच खुरांचे काम करावे लागते. साध्या मोटारीत एंजिनाचा जोर दोनच चाकांस मिळतो, आणि ती दोन चाके चिखलात सापडली की उरलेली दोन कोरड्या जमिनीवर असूनही निरुपयोगी ठरतात. जीपमध्ये गिअरच्या पेटीस जोडून आणखी एक पेटी असते. ती एंजिनाचा जोर पुढील आणि मागील अशा दोन्ही आसांकडे वाटून देते. म्हणून मागची चाके घसरू लागली तरी पुढची चाके गाडीस ओढून काढितात. याच पेटीत एक मंद गतीचा दुसरा गिअर असतो. तो घातला असता गाडी बैलाच्या चालीने चालते, परंतु चाकांवरील जोर पुष्कळ वाढतो, आणि चढावर किंवा नदीच्या वाळूत एंजिन बंद न पडता गाडी संथपणे वर येते.

अमेरिकेत असताना कैलासचंद्रांची बार्नी रूस यांच्याशी भेट झाली. रणांगणावरील चिखल, वाळू व खडक ज्या गाडीने तुडविला, तिला आपल्या देशातील कच्च्या वाटा काय जड, असा विचार त्यांच्या मनात तेव्हाच आला, असे सांगतात. हा विचार आज साधा वाटतो. त्या काळी तो साधा नव्हता. मोटार म्हणजे शहरातील श्रीमंतांचे व साहेबांचे वाहन, अशी सर्वांची समजूत होती. युद्धाच्या गाडीत खेड्याचे वाहन पाहणे, यास निराळी दृष्टी लागते.

ही दृष्टी विलिस कंपनीसही आली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. युद्ध संपताच 1945 साली त्या कंपनीने शेतकऱ्यांसाठी जीपची नागरी आवृत्ती काढिली. वरून पाहणाऱ्यास ती तीच गाडी वाटे. परंतु आत पुष्कळ फेरफार होते. मागे उघडणारे फळकूट बसविले, सुटे चाक बाजूस नेले, दिवे मोठे केले, क्लच आणि गिअर अधिक दणकट केले. आसांतील दात्यांचे प्रमाण 4.88 होते ते 5.38 केले, त्यामुळे धाव कमी झाली, पण ओढ वाढली. नांगर किंवा गाडा जोडण्यासाठी मागे आडवी पट्टी आली, आणि एंजिनाच्या जोरावर इतर यंत्रे फिरविण्याची सोयही करून मिळू लागली. सैनिकांचे वाहन अशा प्रकारे शेताच्या कामास लागले.

2 ऑक्टोबर 1945 रोजी महिंद्रा बंधूंनी गुलाम मोहम्मद यांच्या भागीदारीत 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी स्थापिली. आरंभी तिचा मुख्य व्यवहार पोलादाचा होता. दोन वर्षांनी देश स्वतंत्र झाला आणि त्याच वेळी दुभंगला. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. ते त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. महिंद्रा बंधूंची जन्मभूमी पंजाब. तिचे दोन तुकडे झाले, आणि ज्या लाहोरात कैलासचंद्र शिकले ते शहर सरहद्दीपलीकडे गेले. नव्या धंद्यातील भागीदार गेला, देशात सर्वत्र अस्थिरता, भांडवल बेताचे. अशा वेळी कोणीही शहाणा व्यापारी हात आखडता घेता, तर त्यास कोणी नाव ठेविले नसते. महिंद्रा बंधूंनी हात आखडता घेतला नाही. 1948 साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' असे झाले, आणि त्यांनी जीपचे काम पुढे रेटिले.

त्या काळी युद्धात वापरलेल्या जीपा डिस्पोजलच्या मालातून स्वस्तात मिळत. त्या घ्याव्या, रंगवाव्या आणि विकाव्या, हा सोपा मार्ग होता. दुसरा मार्ग तयार गाड्या परदेशातून आणून विकण्याचा. महिंद्रांनी तिसरा मार्ग धरिला. 1947 साली विलिस कंपनीकडून 75 गाड्यांचे सुटे भाग आले, आणि 1949 साली मुंबईस माझगाव येथे भाड्याच्या जागेत जीपची जोडणी होऊ लागली. सुटे भाग जोडणे म्हणजे गाडी बनविणे नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो खराही आहे. परंतु जो हात भाग जोडावयास शिकतो, तोच पुढे भाग घडवावयास शिकतो. 1954 पासून गाडीचे भाग टप्प्याटप्प्याने येथेच तयार करण्याचे काम सुरू झाले, आणि 1962 पर्यंत जीपचा सुमारे 70 टक्के भाग स्वदेशी झाला.

या तारखांजवळ आमच्या जिल्ह्याच्या तारखा ठेवून पाहिल्या म्हणजे त्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. बीड जिल्हा निजामाच्या राज्यातून मुक्त झाला तो 17 सप्टेंबर 1948 रोजी. म्हणजे माझगावास जीप उभी राहिली तेव्हा आमच्या जिल्ह्यास स्वातंत्र्य मिळून फार काळ लोटला नव्हता. निवडणुका, मोजणी, देवीची लस, पाटबंधारे, शाळा-तपासणी, ही सर्व कामे खेडोपाडी न्यावयाची होती, आणि रस्ते तर नव्हते. तहसिलदाराची, पाटबंधारे खात्याची आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची जीप हे पुढील कित्येक वर्षे खेड्यातील लोकांना दिसणारे सरकारचे रूप होते. 1972 च्या भीषण दुष्काळात खडी फोडण्याची आणि तलावांची कामे गावोगाव निघाली. माळरानावरील त्या कामांपर्यंत हाजरीपट आणि मजुरीचे पैसे पोहोचविण्यास अशाच गाड्या उपयोगी पडल्या. जुन्या माणसांस त्या गाडीचा आवाज आजही आठवतो. कारण त्या आवाजाबरोबर कधी डॉक्टर येई, कधी मजुरी येई आणि कधी जप्तीही येई.

गाडी बाहेरून आलेली. तिला या भूमीची करण्याचे काम कैलासचंद्रांच्या पश्चातही चालूच राहिले. मूळ जीपची दोन चाकांमधील लांबी 80 इंच. तीत चारपाच माणसांचीच सोय. आपल्याकडे एका गाडीतून सारे घर प्रवासास निघते, म्हणून ती 91 इंचांची झाली, आणि मागे समोरासमोर बाके आली. मूळ सुकाणू डाव्या बाजूस; आपले रस्ते डावीकडून चालण्याचे, म्हणून ते कालांतराने उजव्या बाजूस आले. पेट्रोल महाग झाले तेव्हा डिझेल एंजिनाची वाट धरावी लागली. त्यासाठी 1979 साली फ्रान्समधील प्यूजो कंपनीचा परवाना घेतला गेला, आणि इगतपुरी येथे एंजिनांचा कारखाना निघाला.

कारखान्यात जे होई तेच लहान प्रमाणावर आडगावच्या गॅरेजांतही होई. जुन्या जीपचे पेट्रोल एंजिन उतरवून तेथे डिझेल एंजिन चढविणारे मिस्त्री आपल्या देशात गावोगाव झाले. त्यांची विद्या पुस्तकी नव्हती, परंतु एक नियम त्यांस पक्का ठाऊक होता. गाडीतील एक भाग बदलिला की दुसराही बदलावा लागतो. डिझेल एंजिन जड, म्हणून पुढील पाटे मजबूत केले पाहिजेत. ते हळू फिरते, म्हणून गिअरचे प्रमाण जुळविले पाहिजे. त्याचा हादरा मोठा, म्हणून त्याच्या खालचे रबर व आधार चांगले हवेत. जो मिस्त्री एवढा विचार करी त्याची गाडी वर्षानुवर्षे चाले. जो न करी त्याच्या गाडीचा सांगाडा थोड्याच दिवसांत तडकत असे.

आता जीपांचा छंद म्हणून उपयोग करणारे तरुणही पुष्कळ झाले आहेत. गाडीस मोठी चाके आणि उंच पाटे लावून डोंगर चढविण्यात त्यांस आनंद वाटतो. साहसाची आवड वाईट नाही; परंतु वरील नियम त्यांनीही ध्यानात ठेवावा. मोठे चाक लाविले की गाडी जमिनीपासून उंच होते आणि दगड खाली लागत नाही, हे खरे. परंतु त्याच चाकाने आसावर अधिक ताण पडतो, ब्रेक अपुरे पडू लागतात, ओढ कमी होते, आणि उंच झालेली गाडी वळणावर उलटण्याचा संभव वाढतो. काळ्या मातीत दाट नक्षीचे टायर उपयोगाचे नाहीत; चिखल त्या नक्षीत भरून चाक रुळासारखे गुळगुळीत होते. तेथे विरळ आणि खोल दात्यांचे टायर हवेत, म्हणजे फिरता फिरता चिखल झडून जातो. उलट नदीच्या वाळूत दात्यांहून टायरातील हवा महत्त्वाची. हवा थोडी कमी केली की टायर पसरतो, उंटाच्या पायाप्रमाणे वाळूवर टेकतो आणि रुतत नाही. मात्र डांबरी रस्ता लागताच हवा पुनः पुरी भरली पाहिजे, नाही तर टायर तापून फुटावयाचा. चारही चाकांस जोर असला तरी एका आसावरील एक चाक हवेत लोंबकळले की त्या आसाचा जोर त्या निराधार चाकातच वाया जातो. म्हणून दोन्ही चाकांस बांधून टाकणारी कळ खडकाळ वाटेवर उपयोगी पडते. पाण्यातून जावयाचे तर एंजिन ज्या नळीने श्वास घेते ती पाण्याच्या वर नेली पाहिजे. पाणी आत शिरले की एंजिन निकामी होण्याचा संभव असतो. आणि पुलावरून पुराचे पाणी वाहत असताना कसलीही गाडी घालू नये, हे तर सर्वांत आधी सांगितले पाहिजे. वाहत्या पाण्यापुढे चार चाकांचा जोर चालत नाही.

शिवाय, मूळ रचनेत मन मानेल तसा फेरफार करण्यास 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम मर्यादा घालते. कायदा जाचक वाटला तरी त्याच्या मुळाशी कारण आहे. खेड्यांत एस. टी. पोहोचत नव्हती तेथे प्रवासी जीपांनी लोकांची मोठी सोय केली. परंतु दहा माणसांच्या गाडीत वीस बसवून, टपावर आणि पायरीवर माणसे लोंबवून, त्याच गाड्यांनी कित्येक घरे उजाड केली, हेही आम्ही पाहिले आहे. यंत्र बुद्धीने वाढविले तर सेवा करिते. लोभाने वाढविले तर बळी घेते. यात यंत्राचा दोष नाही.

कैलासचंद्रांच्या चरित्राकडे पुनः वळू. जीप हे त्यांच्या कार्याचे एकच अंग होते. सरकारने नेमिलेल्या कोळसा खाण समितीचे ते अध्यक्ष होते. मोटारी आणि ट्रॅक्टर यांच्या धंद्याचा विचार करणाऱ्या मंडळाचे नेतृत्व त्यांनी केले. रिझर्व्ह बँक, एअर इंडिया, हिंदुस्थान स्टील अशा संस्थांच्या संचालक मंडळांवर त्यांनी काम केले. 1951 साली जगदीशचंद्र वयाच्या अवघ्या एकोणसाठाव्या वर्षी निवर्तले. ज्याने शिकविले, ज्याने विलायतेस धाडिले, आणि ज्याच्याबरोबर धंदा उभारिला, तो भाऊ गेला. कंपनी उभी राहून जेमतेम सहा वर्षे झाली होती. दुःख गिळून कैलासचंद्रांनी पुढील बारा वर्षे एकट्याने तिची धुरा वाहिली, आणि सुट्या भागांच्या जोडणीपासून स्वदेशी निर्मितीपर्यंतची वाटचाल बहुतांशी याच काळात झाली.

बंधूंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 1953 साली, त्यांनी शिक्षणासाठी एक विश्वस्त निधी स्थापिला. के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट या नावाने तो प्रसिद्ध आहे. होतकरू विद्यार्थ्यांस परदेशी उच्च शिक्षणासाठी साहाय्य करण्याचे काम या निधीने केले. आणि 1996 पासून गरीब घरांतील मुलींच्या शिक्षणासाठी 'नन्ही कली' हा उपक्रम त्याच्याच द्वारे सुरू झाला. वडील बंधूंकडून जे आपणांस मिळाले, ते आपण दुसऱ्यांस द्यावे, याहून थोर अशी ऋणफेड आम्हांस दिसत नाही. भावाचे ऋण भावास परत करिता येत नाही; ते पुढच्या पिढीसच फेडावयाचे असते.

1963 साली कैलासचंद्रांचे देहावसान झाले. त्याच वर्षी इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनविणारी नवी कंपनी स्थापन झाली, आणि महिंद्रांचे नाव रस्त्यावरून शेतात आले. आज ऊसतोडीच्या हंगामात आमच्या जिल्ह्यातून जे ट्रॅक्टर माणसांस, बैलांस आणि संसारांस घेऊन साखर कारखान्यांकडे जातात, त्यांतील कित्येकांवर हेच नाव असते. त्यांच्यामागे त्यांचे चिरंजीव केशव महिंद्रा यांनी कंपनीचे अध्यक्षपद 1963 पासून 2012 पर्यंत सांभाळिले.

हे चरित्र वाचून आमच्या विद्यार्थिमित्रांनी काय घ्यावे? प्रत्येकास मोठा कारखाना काढिता येणार नाही, आणि प्रत्येकाने काढावा असेही नाही. परंतु परक्याची चांगली वस्तू पाहून तिच्यापुढे नुसते दिपून जाणे, अथवा ती परकी म्हणून तिचा तिरस्कार करणे, या दोहोंच्या मधली एक वाट आहे. ही वस्तू माझ्या गावच्या मातीत चालेल काय, आणि चालत नसेल तर तिच्यात काय बदलावे, हा प्रश्न विचारण्याची ती वाट. कैलासचंद्रांनी तो प्रश्न अमेरिकेत उभे राहून विचारिला. तुम्ही तो आपल्या शेताच्या बांधावर, गॅरेजात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत विचारू शकता. औषध असो, बियाणे असो, पंप असो की पुस्तकातील विद्या असो, ती आपल्या भूमीस मानवेल अशी करून घेणारे हात आमच्या जिल्ह्यास अजून पुष्कळ हवे आहेत.

आणि पालकांस एवढेच निवेदन की, लुधियान्याच्या त्या नऊ भावंडांच्या घरात कर्ता पुरुष गेल्यावर पुस्तके बंद झाली असती, तर हे चरित्र लिहिण्याचा प्रसंग आला नसता. बालाघाटच्या कुशीतील एखाद्या वस्तीवर आजही असे एखादे मूल असेल. त्याची पाटी, मग तो मुलगा असो वा मुलगी, हातातून सुटू देऊ नका.